जांभ्याच्या पोटातले निकेल

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात गेले. खाणीतून काढलेला चिरा आधी ओला, मऊसर असतो. वारा-ऊन लागले की कडक होतो. आजी म्हणायची, ‘‘जांभा म्हणजे म्हातारा दगड. सगळं सोसून उरलेला.’’ पुढे भूविज्ञान शिकलो, तेव्हा आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते, हे कळले.

उष्ण, पावसाळी प्रदेशात खडक लाखो वर्षे कुजत राहतो. पाणी त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेते. मागे राहतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची चिवट संयुगे. तोच जांभा. बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळातल्या अंगाडिपुरम येथे तो पाहिला आणि 1807 मध्ये त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट.

पण जांभा आपल्या जन्मदात्या खडकाच्या वळणावर जातो. आपल्या सड्याखाली बसाल्ट आहे. त्यात निकेल किलोमागे दशांश ग्रॅमच्या आसपास. म्हणून कोकणच्या जांभ्यात कुठे बॉक्साइट सापडते, पण निकेलची खाण नाही. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात मात्र खाली वेगळाच खडक आहे. सिलिका अगदी कमी, मॅग्नेशियम भरपूर आणि ऑलिव्हीन या हिरवट खनिजाने भरलेला. या ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियमच्या जागी थोडे निकेल शिरलेले असते. अशा खडकात किलोमागे दोन-तीन ग्रॅम निकेल मिळते.

हा खडक कुजला की मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जाते, सिलिकाही बरीचशी जाते. लोह जागीच गंजते आणि त्याचे गोथाइट नावाचे पिवळे-तपकिरी खनिज बनते. सुटलेले निकेल या गोथाइटच्या आश्रयाला जाते. दूध आटवले की साय-साखर एकवटते, तसाच हा प्रकार. सुकिंद्याच्या या मातीत निकेलचे प्रमाण साधारण 0.4 ते 0.9 टक्के आहे. न्यू कॅलेडोनियात ते आणखी खाली झिरपून हिरव्या खनिजात साठले. फ्रेंच अभियंता झ्यूल गार्निए याने 1860 च्या दशकात ते शोधले.

विद्यार्थी असताना मी सुकिंद्याला गेलो. तिथे खाणी आहेत त्या क्रोमाइटच्या. देशातले बहुतेक सगळे क्रोमाइट याच खोऱ्यात आहे. त्यावरची पिवळी माती खरवडून बाजूला टाकतात. तिचे डोंगर उभे होते. आमच्या सरांनी त्यातली मूठभर माती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘तुझ्या डब्यातलं अर्धं स्टील इथं आहे.’’ चांगल्या स्टीलमध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, हे मला तेव्हा आठवले.

मग ते निकेल आपण काढत का नाही? कारण ते वेगळ्या कणांच्या रूपात नाही. चाळून, धुवून हाती लागत नाही. गोथाइटचा कणन्‌कण फोडावा लागतो. त्यासाठी सुमारे अडीचशे अंश तापमानाला, मोठ्या दाबाखाली सल्फ्युरिक आम्ल वापरावे लागते. एवढा खर्च, आणि हाती टनामागे चार ते नऊ किलो! देशातील 18.9 कोटी टन निकेल धातुकापैकी सुमारे 92 टक्के ओडिशात आहे, तरी आपण निकेल आयातच करतो. 2023 मध्ये केंद्र सरकारने ते महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत घातले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही ते लागते.

पण त्या भेटीतली दुसरी आठवण मला अधिक बोचते. पाणी मागितले तेव्हा एका बाईंनी दुरून आणलेल्या कळशीतले दिले. ‘‘जवळचं पाणी पाहुण्याला देत नाही,’’ त्या म्हणाल्या. त्या स्वतः काय पीत असतील, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. या खोऱ्यात क्रोमियमचे विषारी, षट्‌संयुजी रूप पाण्यात उतरते. 2007 मध्ये जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या यादीत सुकिंद्याचे नाव आले होते.

म्हणून मला वाटते, तो पिवळा ढीग म्हणजे नुसता कचरा नव्हे आणि नुसता खजिनाही नव्हे. त्यातून निकेल काढायचे तर काढावे, पण हिशेबाच्या वहीत पहिली ओळ त्या कळशीची असावी. पावसाने लाखो वर्षे खपून जे साठवले, ते उपसण्याआधी एवढा विचार करायला आपल्याला वेळ नक्कीच आहे.