पंप कोणाच्या पाठीवर?



2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा ऐकवले गेले, यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. म्हणजे चूक मरणाऱ्याचीच!

मी शेतकी कॉलेजात शिकलो. पुस्तकातला माणूस नखशिखांत झाकून फवारतो. सप्टेंबरच्या उकाड्यात, डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत तसे तासभर उभे राहून दाखवा. नळी वर धरावी लागते, फवारा अंगावरच येतो. त्यात मजुरी पंपामागे. थांबेल कोण? आणि तो पंप बहुधा आपल्या गावातल्या भूमिहीनाच्या पाठीवर असतो, हेही आज इथे बोलले पाहिजे.

प्रोफेनोफॉससारखी औषधे (आपण विषालाच औषध म्हणतो!) रक्तातले कोलिनेस्टरेज दाबतात. ते मोजले की विष किती भिनले ते कळते. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात मागा. फवारणीची मजुरी दिवसावर द्या. दुकानदार काहीही म्हणो, दोन औषधे एका पंपात कालवू नका. कोणाला घेरी आली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.