स्वभाव बदलला की मोजपट्टी?

पुण्यात आढळलेल्या गाजरगवताची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा मुलूख आणि दक्षिण अमेरिकेचा काही भाग हे या तणाचे माहेर. पुढील काही दशकांत ते देशभर पसरले. रस्त्याची कड, पडीक रान, शाळेचे पटांगण, काहीच त्याला वर्ज्य राहिले नाही. अशी उपरी वनस्पती एखाद्या प्रदेशात शिरली की शासन, शेतकरी आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ती आणखी कोठवर जाणार? पैसा व मनुष्यबळ मर्यादित असते. पहारा कोठे ठेवावयाचा हे आधीच ठरवावे लागते.

याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ 'निश' या कल्पनेचा आधार घेतात. या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतील कोनाडा. जी. ई. हचिन्सन यांनी १९५७ साली या कल्पनेस गणिती रूप दिले. उष्णता, ओलावा अशा एकेका घटकाच्या ज्या मर्यादांत एखादी जाती तग धरू शकते, त्या सर्व मर्यादांच्या आत मावणारा अवकाश म्हणजे त्या जातीचा कोनाडा. मूळ देशात ती जेथे जेथे आढळते तेथील हवामान टिपावे, त्यावरून संगणकावर प्रतिमान बांधावे आणि तसे हवामान दुसऱ्या देशात कोठे आहे ते नकाशावर रंगवावे, अशी ही रीत आहे. मुलूख बदलला तरी जातीचा स्वभाव बदलत नाही, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीत होय.

या गृहीताला २००७ साली धक्का बसला. युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेल्या ठिपकेदार नॅपवीड या रानटी झाडाचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. युरोपातील नोंदींवर बांधलेल्या प्रतिमानाला अमेरिकेतील त्याचा सगळा विस्तार वर्तविता आला नाही. झाडाने हवामानाचा कोनाडा बदलला, असा निष्कर्ष काढण्यात आला. लाल आगमुंगीची कथा अधिक बोधक आहे. दक्षिण अमेरिकेतील ही मुंगी १९३० च्या दशकात अमेरिकेतील मोबाइल या बंदरात उतरली आणि तेथून पसरत गेली. तिच्याही बाबतीत मूळ प्रदेशावरून केलेले अनुमान अपुरे ठरल्याचे २००७ साली मांडले गेले. परंतु पुढच्याच वर्षी पीटरसन व नाकाझावा यांनी हवामानाच्या आकड्यांचे निरनिराळे संच घेऊन तेच काम पुन्हा केले, तेव्हा संचागणिक उत्तर बदलले. मुंगी तीच होती!

असा घोळ एकेकट्या जातीपुरता नाही. २०१२ साली ५० वनस्पतींच्या अभ्यासातून कोनाडा बदलणे विरळ असल्याचे सांगण्यात आले. २०१८ साली ८१५ वनस्पतींच्या अभ्यासातून ते सर्रास घडत असल्याचे. आणि २०२० साली ४३४ आक्रमक जातींचा आढावा घेऊन, बहुतेक जाती आपला कोनाडा बव्हंशी टिकवितात असे. तिन्ही अभ्यास जाणकारांचे आहेत. त्यांच्यातील मतभेदाचा बराच भाग मोजणीच्या रीतीत दडलेला आहे.

ही रीत थोडी तपशिलाने पाहणे इष्ट. संग्रहालयातील नोंदी वनस्पती आढळली एवढेच सांगतात. कोठे शोधूनही ती सापडली नाही हे सहसा सांगत नाहीत. म्हणून तुलनेसाठी भोवतालचा प्रदेश संशोधकालाच निवडावा लागतो. तो फार मोठा घेतला तर उत्तर एक, लहान घेतला तर दुसरे. पुन्हा, नव्या देशात असे हवामान असू शकते जे मूळ देशात मुळी नव्हतेच. तेथे वनस्पती वाढली तर तिने स्वभाव बदलला म्हणावे, की तिला ती संधी पूर्वी मिळालीच नव्हती? काही अभ्यासक असे प्रदेश मोजणीतून वगळतात, काही धरतात. दोघांचे निष्कर्ष जुळणार कसे? गाजरगवताचे माहेर फक्त मेक्सिकोकडचे धरले तर कोनाडा अरुंद दिसेल, दक्षिण अमेरिका मिळविली तर रुंद.

महाराष्ट्रात आणखी एक फसगत संभवते. अवर्षणग्रस्त तालुक्यातील पाटाच्या कडेला किंवा उसाच्या बांधावर तण माजले, तर प्रतिमान पाऊस पाहते, पाटाचे पाणी पाहत नाही. मग तणाने कोरडे हवामान आपलेसे केले असा भास होतो. वस्तुतः ते ओल्या मातीतच उभे असते. उलट बाजूही आहे. तालुका कोरडा म्हणून नकाशात सुरक्षित रंगविला जातो, पहारा उठतो, आणि तण पाटापाटाने आत येते. ही चूक अधिक महाग पडते.

म्हणूनच अलीकडे एकाच प्रतिमानावर न विसंबता अनेक प्रतिमाने बांधून ती कोठे जुळतात व कोठे फुटतात हे पाहण्याकडे कल आहे. जेथे ती फुटतात, तेथे प्रत्यक्ष पाहणीवाचून गत्यंतर नाही. त्या पाहणीत शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या नोंदींना मोल आहे. तण दिसले तर गाव व तारीख यांबरोबर जमीन जिरायत की बागायत, पाट किंवा विहीर किती जवळ, हेही लिहावे. आणि नीट शोधूनही तण दिसले नाही, तर 'आढळले नाही' अशी नोंद तारखेनिशी अवश्य करावी. प्रतिमाने बांधणाऱ्यांच्या हाती नेमकी तीच माहिती क्वचित लागते.