गुळाचें पाणी आणि सुभेदाराची बाटली

श्रोतेहो, आजचा विषय मास्तराच्या तोंडीं शोभणारा नाहीं. तरी ऐकून घ्यावा.

गेल्या वैशाखांत एक जुना विद्यार्थी भेटीस आला. सैन्यांतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्याची मुलगी आमच्याच गल्लींत दिली आहे. हातांतली पिशवी तो सारखा पाठीमागें लपवी. विचारतां ओशाळून म्हणाला, "गुरुजी, कॅन्टीनची रम आहे." सीमेवर उभा राहिलेला पन्नाशीचा माणूस मजपुढें बाटली लपवितो! वर्गांत मीं दारूविरुद्ध इतकीं वर्षें बोललों, त्यांतून हा लपविण्याचाच धडा गेला कीं काय, असें मनाला लागलें.

"घेतोस कशी?" मीं विचारलें. "कोला ओततों."

"अरे, रम म्हणजे तरी काय? साखर काढल्यावर उरलेली उसाची मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलेली. १८९५ सालीं शाहू महाराजांनीं वसविलेल्या शाहूपुरींत गुळाची पेठ असतांना कोला कशाला?" क्यूबांत रमेंत लिंबू, साखर, पुदिना व सोडा घालतात, साखरेच्या जागीं आम्हीं गूळ घेतला.

शंभर ग्रॅम गूळ तितक्याच पाण्यांत विरघळवून फडक्यानें गाळावा व पुरता निवूं द्यावा; ऊन पाकांत पुदिना काळा पडतो. पेल्यांत पुदिन्याचीं आठ पानें नुसतीं दाबावीं, चेंचूं नयेत, नाहींतर कडसरपणा येतो. वर दोन मोठे चमचे पाक, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, बर्फ आणि सोडा. झालें सरबत. सुभेदारानें आपल्या पेल्यांत ३० मिलिलिटर रम मोजून घातली. १९४९ च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांत लागणारा परवाना त्याजपाशीं होता. तो मीं मास्तरकीच्या संवयीनें पाहून घेतला.

एक मात्र त्यास बजावलें. हा थंडावा लिंबाचा आणि बर्फाचा, रमेचा नव्हे. मद्यानें कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगास ऊब वाटते, लघवी वाढून शरीरांतलें पाणी उलट जातें. तहान भागविण्यास ती निरुपयोगी. तो हंसला, दुसरा पेला त्यानें माझ्यासारखाच, बिनरमेचा घेतला.

तासभर आम्हीं ओसरीवर बसलों. त्यानें लडाखच्या थंडीविषयीं सांगितलें, शाळेंत चुकविलेल्या गणितांविषयींही. बाटली आमच्यामध्यें उघडी उभी होती. निघतांना मात्र ती पुन्हां पिशवींत गेली. लेकीच्या सासूबाईंचा धाक गुरुजींहून मोठा.