मुकादम आणि पुढारी
(खामगावात कामगार तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ओझं उचलतो, रात्री कविता लिहितो. तुमचं खामगाव कापसाचं. 1870 साली जलंबहून इथं रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. कापूस मुंबईला गेला. तिथल्या गिरणीत काय चाललं होतं, ते ऐका.

साचाखात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथं मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढावं लागे. विटाळ! मालकावर मुठी उगारणारे आपल्याच जोडीदाराच्या थुंकीला भ्याले. 1928 चा संप पेटला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना धरलं : हा मज्जाव उठवायची मागणी यादीत घाला. त्यांनी का-कू केलं, पण शेवटी घातली.

दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच लाल बावटेवाल्यांबरोबर एक दिवसाच्या संपात उतरला. जातीचं भांडण काय मिटलं होतं? नाही. पण कुठलं भांडण कुणाशी आणि कुठवर, हे ज्याला कळतं त्याचंच माणसं ऐकतात.

आता तुमचं बघू. जिनिंगमध्ये, मार्केट यार्डात टोळीत भांडण होणारच. ओझं कुणाला जड, पाळी कुणाची चुकली, पाण्याचा माठ कुणाचा वेगळा. आपल्यातलेच शहाणे म्हणतात, एकी मोडेल, गप बसा. ज्या एकीत एकानंच गप बसायचं ती एकी नाही, ती मुकादमी आहे.

मुकादम वरून नेमतात. त्याच्या हातात हजेरी असते, म्हणून लोक त्याला भितात. पुढाऱ्याच्या हातात काहीच नसतं. त्याला वजन येतं ते असं : टोळीतला तंटा टोळीसमोरच सोडवायचा, दोन्ही बाजू ऐकून. आपल्या सोयऱ्याचं चुकलं तर पहिल्यांदा त्यालाच बोलायचं. साहेबाकडं एकट्यानं जायचं नाही, दोघं-तिघं जायचं आणि बोलणं झालं की बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचं. वर्गणीचा पै न् पैचा हिशेब मांडायचा. मागणी कागदावर लिहायची, पोच घ्यायची.

आणि त्या यादीत सगळ्यात खालच्या माणसाची मागणी सगळ्यात वर ठेवायची. टोळी फुटेल म्हणतात? फुटली तर कळेल तरी, ती कुठं सांधलेलीच नव्हती.