कोंबडी ‘पेट’ असते का?

आजचा एपिसोड घरातल्या प्राण्यांवर आहे. कुत्रा-मांजर येतीलच, पण मला खरं बोलायचंय ते कोंबडीबद्दल. हसू नका, थोडं ऐका.

आपल्या सिनेमांनी प्राण्यांची एक रांग लावून ठेवलीय. सगळ्यात पुढे कुत्रा. ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये, १९८५ साली, तो मालकाच्या खुनाचा बदला घेतो. ‘हम आपके हैं कौन’मध्ये, १९९४ साली, टफी नावाचा कुत्रा चिठ्ठी बरोबर माणसाकडे पोचवून लग्न जुळवतो. त्याच्यामागे हत्ती, घोडा, बैल. आणि कोंबडी? कोंबडी सिनेमात येते ती गाडीसमोर फडफडायला, नाहीतर ताटात. तिला नाव नसतं.

आमच्याकडे होतं. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या बाजूला आमचं घर. मागे परसात शेवगा, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर दोडक्याचा वेल, आणि मिरची तर पाहिजेच. कोपऱ्यात खुराडं. अकरा कोंबड्या, एक कोंबडा. लंगडी, काबरी, भांडखोर अशी सगळ्यांना आजीने दिलेली नावं. आता कोणी म्हणेल, खायच्या कोंबड्यांना नावं कशी ठेवता? ठेवतात. पाहुणा आला की एखादी कापलीही जायची, आणि त्या दिवशी आजी जरा गप्प असायची. ती पेट नव्हती आणि नुसता मालही नव्हता. ती ‘घरची’ होती. इंग्रजीत या नात्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

कामाच्या बाजूनेही बघा. घरची गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. फार्मवरची तीनशेच्या आसपास. म्हणजे आकड्यांत आपली नापासच. पण फार्मवाली खुडूक बसत नाही, आणि बसली तर फार्मला ते चालत नाही. गावठी खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते, पिल्लं घेऊन फिरते. तांदळाची कणी, उरलेली भाकरी, वाळवी, किडे असं सगळं संपवते. तिची विष्ठा कुजवून घातली की वांग्या-मिरचीला दुसरं खत नको. ताजी घालू नका हां, ती उष्ण पडते, रोपं जळतात. म्हणजे स्वयंपाकघर, खुराडं आणि बाग हे एकच चक्र आहे.

हे चक्र आमच्या भागात एकदा तुटलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

नवापूर म्हणजे ते स्टेशन, जिथलं बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. रील्समध्ये पाहिलं असेल तुम्ही. पण त्याच्या आधी नवापूर देशभर गाजलं ते दुसऱ्या कारणाने. या भागात मोठमोठे पोल्ट्री फार्म आहेत. २००६ च्या सुरुवातीला तिथे पक्षी मरायला लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं : बर्ड फ्लू, एच५एन१. भारतातला हा पहिला उद्रेक, आणि तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात.

नियम असा होता की बाधित ठिकाणापासून ३ किलोमीटरच्या आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा. आजारी असो की ठणठणीत. फार्मवरचा असो की अंगणातला. अंडी आणि खाद्यही नष्ट करायचं. लाखो पक्षी मारले गेले. विषाणूला राज्याची सीमा कळत नाही, त्यामुळे पलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही तेच.

मी तेव्हा तिसरीत होतो. आमचं गाव त्या ३ किलोमीटरमध्ये आलं. आमच्या कोंबड्या धडधाकट होत्या. काबरी तर अंड्यांवर बसलेली, अठरावा दिवस. तीन दिवसांत पिल्लं निघणार होती.

पथक उद्या येणार अशी बातमी आली, त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आजीकडे आल्या. हळूच म्हणाल्या, “रात्री टोपलीत घालून तुमच्या लेकीकडे पोचवा ना. तिचं गाव तर हद्दीच्या बाहेर आहे.” सोपा उपाय होता. बाबांची मोटारसायकल दारात होती. बाबा काही बोलले नाहीत, आजीकडे बघत राहिले, कारण कोंबड्या आजीच्या. मी आणि माझी बहीण तर टोपली घेऊन तयारच होतो.

आजी बराच वेळ खुराड्यापाशी बसली. मग एवढंच म्हणाली, “तिच्याकडेही खुराडं आहे.”

बस. विषय संपला.

आजी शाळेत गेलेली नव्हती. विषाणू म्हणजे काय, हे तिला कोणी समजावलं नव्हतं. पण एका खुराड्यातली मर दुसऱ्या खुराड्यात कशी जाते, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. मी आज सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादा सर्व्हर बाधित झाला की आधी त्याला बाकीच्यांपासून तोडतात, चांगला दिसत असला तरी. हे शिकायला मला चार वर्षांचं बीटेक लागलं.

आणि मुद्दा खराच आहे. हा रोग पसरतो तो पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून. आणि मग आपल्या चपलांना, अंड्यांच्या ट्रेला, गाडीच्या चाकांना लागून. कोंबडी धडधाकट दिसली तरी विषाणू तिच्यात नाहीच, हे डोळ्यांनी कळत नाही. ती टोपली आत्याच्या गावी गेली असती, तर कदाचित काहीच झालं नसतं. किंवा सगळंच झालं असतं.

सकाळी पथक आलं. पांढरे सूट, चष्मे, मास्क. आम्हाला आत बसवलं. त्यांच्यातल्या एकाने फॉर्म भरला : कोंबड्या इतक्या, कोंबडा एक, अंडी इतकी. आजीने त्यांना काबरीचा अठरावा दिवस सांगितला. त्या माणसाने पेन थांबवलं, “आजी, त्याचा रकाना नाही,” असं म्हणाला, आणि पुढे लिहायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. खरंच नव्हता रकाना.

पुढचे कित्येक महिने परसात आवाज नव्हता. उरलेला भात कोणाला टाकायचा कळेना. कुंपणाला वाळवी चढली. बहीण सकाळी उठून सवयीने खुराड्याचं दार उघडायची.

दोन-तीन वर्षांनी घरी टीव्हीवर ‘टिंग्या’ लागला होता. मंगेश हाडवळेंचा सिनेमा, २००८ चा. त्या मुलाचा बैल जखमी होतो, वडील विकायला निघतात आणि मुलगा ऐकत नाही. शेजारच्या म्हातारीवर उपचार करता, मग माझ्या बैलावर का नाही, असं त्याचं म्हणणं. टिंग्या झालेल्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्ही सगळे रडलो. आजी रडली नाही. ती म्हणाली, “बापाकडेही कोणीतरी बघा.” तेव्हा मला ते कठोर वाटलं. आज वाटतं, ती स्वतःबद्दल बोलत होती. ज्याला निर्णय घ्यावा लागतो त्याचंही जनावर जातंच ना.

आता हे सगळं का सांगतोय? कारण हा रोग गेलेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरमध्ये तो परत आला. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत एच५एन१च निघाला. वाघाला होतो तर मांजरालाही होतो. म्हणून गावी असाल किंवा घरी फोन करणार असाल, तर एवढं सांगा.

एक, अचानक दोन-चार कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, उकिरड्यावर फेकू नका, नदी-नाल्यात तर नाहीच. ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

दोन, नुकसानभरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लवकर कळवण्यात आपलाच फायदा आहे. लपवलेल्या कोंबडीचे पैसे कोणी देत नाही.

तीन, मांजराला, कुत्र्याला कच्चं चिकन, पिसं, आतडी टाकू नका. शिजवून द्या. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो, त्यामुळे आपल्यालाही चिकन-अंडी सोडायची गरज नाही. २००६ मध्ये भारतात एकाही माणसाला याची लागण सिद्ध झाली नव्हती, पण अफवेने चिकनचे भाव मात्र पाडले होते.

आणि चौथं सरकारी पत्रकात नसतं, ते मी सांगतो. कोणाच्या अंगणातून कोंबड्या नेल्या गेल्या, तर “कोंबड्याच तर होत्या” म्हणू नका. कुत्रा गेला की आपण इन्स्टावर स्टोरी टाकतो, लोक चार शब्द लिहितात. अकरा कोंबड्या दिलेल्या बाईला कोणी विचारत नाही. तिच्याकडे जाऊन बसा. नवीन पिल्लं आणायची परवानगी कधी मिळते ते मोबाईलवर शोधून द्या, फॉर्म भरायला मदत करा.

तर, कोंबडी पेट असते का? माझं उत्तर : नाव विचारून बघा. ज्या घरात तिला नाव आहे, तिथे तो प्रश्नच उरत नाही.

तुमच्या घरच्या कोंबडीचं, बकरीचं, म्हशीचं नाव काय होतं, व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या वेळी ऐकवतो. चला, काळजी घ्या. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.