सहा गिगाहर्ट्झचा डेस्कटॉप असताना सर्व्हर कशाला? : मिरकरवाड्यातलं बोलणं

(पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत मिरकरवाड्यात एका सोसायटीच्या वरच्या खोलीत झालेलं हे बोलणं. ध्वनिमुद्रणात पत्र्यावरच्या पावसाचा आवाज फार आहे, म्हणून पूर्ण मजकूर इथे देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर पुढे सरका, खुर्च्या रिकाम्या आहेत. बोटी वर काढल्यात, जाळी विणून व्हायची आहेत, म्हणजे तासभर सगळ्यांकडे आहे असं मी धरून चालतो.

मागच्या आठवड्यात इथल्याच एका बोटमालकाच्या मुलाने मला दोन कोटेशनं दाखवली. सोसायटीच्या हिशेबासाठी नवीन मशीन घ्यायचंय. एक डेस्कटॉप, प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. दुसरा सर्व्हर, प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा, आणि किंमत कितीतरी पट. तो म्हणाला, "दादा, निम्म्याहून कमी वेग आणि वर एवढे पैसे? आम्हाला येडं समजतात काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर देण्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ती इथे बसलेल्या काहींना माहीत आहे आणि माझ्या पाठीमागे तिची चर्चा झालेलीही मला माहीत आहे. (हशा)

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीला मी हिशेबाचं मशीन बसवून दिलं. डिझेल, बर्फ, उचल, सगळं त्यात. मशीन म्हणजे चांगला महागडा डेस्कटॉप होता, गेम खेळणारी पोरं घेतात तसला. चोवीस तास चालू. दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका चाचांच्या नावावर ८८,९४६ रुपये बाकी दिसायला लागली. चाचा म्हणाले, माझी बाकी तेवीस हजाराच्या आसपास आहे. प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन आले होते. मी काय म्हटलं असेल? "चाचा, कॉम्प्युटर चुकत नाही." चार लोकांसमोर म्हटलं. चाचा काही बोलले नाहीत, पिशवी उचलून निघून गेले.

रात्री घरी पावत्यांची बेरीज करून बघितली. २३,४१०. फरक ६५,५३६. हा आकडा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. ६५,५३६ म्हणजे २ चा सोळावा घात. कॉम्प्युटर रक्कम शून्य आणि एकच्या रांगेत ठेवतो. त्या रांगेतल्या एका ठरावीक घरात शून्याचा एक झाला, तर रक्कम बरोब्बर ६५,५३६ ने वाढते. माणूस आकडे टाइप करताना चुकला तर असा फरक सहसा पडत नाही.

याचं प्रसिद्ध उदाहरण आहे बेल्जियममधल्या स्कारबेकचं. १८ मे २००३ च्या निवडणुकीत तिथल्या एका उमेदवाराला यंत्रावर ४,०९६ मतं जास्त पडली. शक्य नव्हती एवढी, म्हणून पकडलं गेलं. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने मेमरीतला एक बिट उलटवला असावा, असा अंदाज तेव्हा बांधला गेला.

आमच्याकडे अवकाशापर्यंत जायची गरज पडली नाही. मशीनवर रात्रभर मेमरीची तपासणी चालवली. दोनपैकी एका पट्टीत एक जागा अधूनमधून चुकत होती. चाचांची नोंद त्याच जागेत बसली होती हे मी आता सिद्ध करू शकत नाही. पण चाचांची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली, त्याच चार लोकांसमोर.

आता प्रोसेसरकडे येऊ. सर्व्हर प्रोसेसर आणि डेस्कटॉप प्रोसेसर यांत जो फरक तुम्हाला पैशाला पडतो, तो वेगाचा नाही. सर्व्हरच्या मेमरीत ईसीसी नावाची सोय असते. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे ठेवायचे, साक्षीदार म्हणून. एक बिट उलटला तर प्रोसेसर तो ओळखतो, जागच्या जागी दुरुस्त करतो आणि नोंदवहीत लिहून ठेवतो की अमुक पट्टीत गडबड झाली. दोन बिट एकदम उलटले तर दुरुस्त होत नाही, पण गप्प न बसता ओरडतो तरी. साधा डेस्कटॉप चुकीचा आकडा खरा मानून पुढे जातो. आणि असं क्वचितच होतं म्हणावं, तर २००९ मध्ये टोरंटो विद्यापीठ आणि गूगलच्या लोकांनी गूगलच्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास मांडला, त्यात वर्षभरात दर शंभरातल्या आठांहून जास्त पट्ट्यांत निदान एकदा तरी चूक आढळली होती.

दुकानदार तुम्हाला सांगेल, "डीडीआर ५ मध्ये ईसीसी असतंच." तिथे सावध राहा. ती दुरुस्ती मेमरीच्या चिपच्या आतल्या आत होते. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत येताना काही बिघडलं तर त्याचा तिला पत्ता नसतो, आणि तुम्हाला नोंदही मिळत नाही.

बरं, मग वेगाचं काय? गंमत बघा. एएमडीने २०२२ मध्ये दोन प्रोसेसर आणले. डेस्कटॉपचा रायझन ७९५०एक्स आणि सर्व्हरचा एपिक ९६५४. दोघांच्या आत जे आठ-आठ कोअरचे सिलिकॉनचे तुकडे बसवतात ते एकाच घडणीचे. डेस्कटॉपमध्ये दोन तुकडे, सर्व्हरमध्ये बारा. म्हणजे १६ कोअर विरुद्ध ९६ कोअर. मासळी तीच, क्रेट वेगळे. तरी डेस्कटॉप ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो आणि सर्व्हर २.४ वरून सुरू होऊन ३.७ ला थांबतो. का?

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बोट निवांत चालवली तर डिझेल किती जातं, आणि शेवटचे दोन नॉट काढायला इंजिन ताणलं तर किती जातं? प्रोसेसरचंही तसंच. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. डेस्कटॉपला १७० वॅट दिलेत, म्हणजे एका कोअरमागे साडेदहाच्या आसपास. सर्व्हरला ३६० वॅट, पण वाटेकरी ९६. एकेकाच्या वाट्याला पावणेचार वॅट येतात. त्यात जेवढं पळता येईल तेवढं पळायचं, पण सगळ्यांनी एकदम आणि दिवसरात्र.

दुसरी गोष्ट धक्क्याची. आपल्याच जेटीवर हंगामात काय होतं? बोट कितीही जोरात आली तरी माल उतरवायला जागा मिळेपर्यंत बाहेर थांबायचं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या अशा जागांना चॅनेल म्हणतात. डेस्कटॉपला दोन, त्या एपिकला बारा. हिशेब करा: १६ ला दोन, ९६ ला बारा, म्हणजे दोन्हीकडे एका चॅनेलमागे आठच कोअर. म्हणून नुसते कोअर मोजणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नका, धक्का किती वाढवला ते विचारा. डिस्क आणि नेटवर्क कार्डं जोडायच्या वाटाही अशाच, तिथे २८ आणि इथे १२८.

आता एवढं अजस्र प्रकरण लागतं कुणाला? तुम्ही ते रोज वापरता. समुद्रात जायचं की नाही हे मोबाईलवर बघता ना? पुण्याला आयआयटीएममध्ये जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला. त्याच वर्षी जूनपासून हवामान खातं १२ किलोमीटरच्या चौकटींचा अंदाज द्यायला लागलं. प्रत्यूषमधले झिऑन प्रोसेसर किती वेगाचे? १८ कोअरचे, २.१ गिगाहर्ट्झ. तुमच्या मुलाच्या लॅपटॉपची जाहिरात यापेक्षा मोठा आकडा सांगते. पण असे कोअर होते एक लाख एकोणीस हजारांच्या वर. हवेचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा एकेकाला वाटायचा, शेजाऱ्याशी आकडे बदलत पुढे जायचं. एकटा कोअर सहावर पळाला तरी शेजारी येईपर्यंत थांबूनच राहणार. तिथे आता २०२४ पासून 'अर्का' आलाय आणि चौकट सहा किलोमीटरवर आलीय.

सोसायटीच्या हिशेबाला मात्र यातलं काही लागत नाही. दहा-बारा माणसं पावत्या भरणार, हे काम चार-आठ कोअरला हसत जमतं. म्हणून मी त्या मुलाला दोन्ही कोटेशनं परत करायला सांगितली.

मधला एक प्रकार असतो, दुकानदार तो आपणहून फारसा दाखवत नाही. इंटेलचे झिऑन ई किंवा एएमडीचे एपिक ४००४. नाव सर्व्हरचं, अंगकाठी डेस्कटॉपची. एपिक ४००४ तर डेस्कटॉप रायझनच्याच सॉकेटमध्ये बसतो. कोअर थोडे, चॅनेल दोनच, वेग चांगला, आणि ईसीसी मिळतं. तेही परवडत नसेल तर काही रायझन प्रोसेसर ईसीसी पट्ट्या चालवतात, पण बोर्डानेही साथ द्यावी लागते. घेण्याआधी बोर्डाची माहितीपत्रिका वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच नसते. मोठे सर्व्हर थंड खोलीसाठी बनवलेले असतात. त्यांचे छोटे पंखे पुढून हवा ओढून मागे फेकतात, आवाज जनरेटरसारखा. मिरकरवाड्यात खिडकी उघडी ठेवून असलं मशीन लावलंत तर ते दिवसभर खारी हवाच ओढणार. लोखंडाच्या कड्यांचं इथे काय होतं ते तुम्ही बघताच. बोर्डावरचे तांब्याचे पाय त्याहून नाजूक. बंद खोली, एसी, यूपीएस याचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात प्रोसेसर निवडा.

आणि ईसीसी आहे म्हणून बॅकअप नको असं कुणी म्हणू नका. डिस्क मेली, कारकुनाने चुकीचं खातं निवडलं, तिथे ईसीसी काही करणार नाही. माझ्या त्या मशीनमध्ये खरा दोष मेमरीचा निम्मा आणि माझा निम्मा होता. रोजची बेरीज दुसऱ्या वाटेने ताडून बघायची सोयच मी ठेवली नव्हती.

त्या सोसायटीत नंतर ईसीसीवालं छोटं मशीन बसवलं. महिन्यातून एकदा मी नोंदवही उघडून बघतो. आजवर एकदा तिच्यात ओळ दिसली: एक बिट उलटला, दुरुस्त केला, पट्टी क्रमांक दोन. पट्टी बदलून घेतली, कुणाच्या खात्यावर एक रुपया हलला नाही. चाचांना मुद्दाम जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ बघितली, मान डोलावली. पावत्यांची पिशवी मात्र खुंटीवर तशीच होती.

हां, विचारा. मागून कुणीतरी हात वर केलाय.