शब्दामागचे दरपत्रक

सरोजिनी नगरात जमलेल्या दिल्लीकर मराठी मंडळींपुढे अनुवादकाची एक अडचण मांडतो. ‘मिस्ड कॉल’चा अनुवाद कसा करावा?

भारतात १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे फोन निःशुल्क झाले. सारा खर्च फोन करणाऱ्यावर आला. घंटी वाजवून थांबणे म्हणजे ‘आपणच फोन करावा’ ही विनंती ठरली. अमेरिकेत त्या काळी फोन घेणाऱ्याचीही मिनिटे खर्च होत, लघुसंदेश स्वीकारणाऱ्यालाही पैसे पडत. तेथे अशा विनंतीने काटकसर साधत नसे. आपल्याकडे दिवाळीला संदेशांवरील सवलत बंद राही, म्हणून कित्येकांच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच पोहोचत.

शब्दामागचे दरपत्रक अनुवादकाने जाणले नाही, तर आपला काटकसरी माणूस परक्या वाचकाला उद्धट भासेल. तो दोष भाषेचा नव्हे, अनुवादकाचा होय.